सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग: आघातावर शरीराच्या वाटेने उपचार, पैसे वसूल होतात का?

भीती सांगताना मराठी माणूस मनाचं नाव क्वचितच घेतो. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गळतात, दातखीळ बसते. अपघात, पूर, मारहाण, लैंगिक अत्याचार, लहानपणी घरात असलेला सततचा धाक, अशा अनुभवांनंतर काहींचं हे धस्स होणं थांबतच नाही. प्रसंगाला दहा वर्षं उलटलेली असतात, तरी कुकरची शिट्टी झाली की खांदे कानाला लागतात. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग ही थेरपी काम सुरू करते ते इथून. काय घडलं ते सगळं सांगा, असं ती म्हणत नाही. आत्ता, या खुर्चीत बसल्यावर अंगात काय होतंय, एवढंच विचारते.

पाचपैकी साडेतीन तारे. या थेरपीचा खरा माल म्हणजे तिचा संथपणा. आघाताची आठवण चमच्याचमच्याने काढायची, घागरीने उपसायची नाही, ही शिस्त इथे जितकी काटेकोर पाळली जाते तितकी फार थोड्या ठिकाणी पाळली जाते, आणि पैसे मोजायचे ते त्यासाठीच. दीड तारा कापला तो तीन कारणांनी: पुरावा अजून तोकडा आहे, थेरपिस्टांचा दर्जा फार वरखाली आहे आणि खर्च सामान्य पगारदाराला जड जातो.

ही पद्धत अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी १९७० च्या दशकापासून घडवत आणली. त्यांचं म्हणणं असं, की जीवावर बेतल्यावर शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं, पण ते करता आलं नाही की ती सज्जता अर्धवट राहते आणि अंग थिजून जातं. वाघाच्या तावडीतून सुटलेलं हरीण थरथरून मोकळं होतं, माणूस मात्र स्वतःला आवरून धरतो, हे उदाहरण बहुतेक थेरपिस्ट पहिल्या एक-दोन सेशनमध्ये देतात. ते कल्पना समजावण्यापुरतं ठीक आहे, सिद्ध झालेलं शास्त्र म्हणून ऐकू नये. शरीरशास्त्रातला पक्का भाग वेगळा आहे. अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, जोरात आली की लाळ आटते म्हणून तोंडाला कोरड पडते, त्वचेकडचं रक्त कमी होतं म्हणून हात गार पडतात, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसतात म्हणून अंगावर काटा येतो. म्हणजे आपले हे सगळे वाक्प्रचार अक्षरशः खरे आहेत. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हचे बहुसंख्य तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत, हेही खरं. पण त्यावर उभी केलेली पॉलिव्हेगल थिअरी (या नसेच्या वेगवेगळ्या शाखा आपण शांत आहोत की थिजलेले हे ठरवतात, असं सांगणारी), जी स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ मध्ये मांडली, तिच्यावर शरीरशास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. थेरपिस्टने भिंतीवर या अवस्थांचा शिडीसारखा तक्ता लावून 'तुमचा व्हेंट्रल व्हेगल', म्हणजे शांत ठेवणारी शाखा, 'बंद पडलाय' असं निदान केलं, तर तो तक्ता चित्र म्हणून बघावा, रिपोर्ट म्हणून नाही.

आता प्रत्यक्ष सेशन. साधारण पन्नास मिनिटं ते तासभर. जाणकार थेरपिस्ट खुर्च्या अगदी समोरासमोर मांडत नाही, जराशा तिरक्या ठेवतो, आणि दार तुमच्या पाठीमागे येणार नाही हे पाहतो. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट किंवा जाड उशी देतो. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण तळव्यांना टेकू नसला की मांड्या आणि पोट सगळा तास आवळलेले राहतात, आणि मग सगळा तास त्या आवळण्याशी झगडण्यात जातो.

पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं बघायचं. खोलीभर सावकाश नजर फिरवायची, डोळ्यांबरोबर मानही वळू द्यायची, जिथे नजर आपण होऊन थांबेल तिथे थांबायचं. पुष्कळांना हा पोरखेळ वाटतो आणि 'मुद्द्याचं बोलू या' म्हणतात. थेरपिस्टने ऐकू नये. धोका शोधणाऱ्या माणसाची मान ताठ आणि नजर एकाच दिशेला गेलेली असते. ती मान सैल होऊन वळली, आवंढा गिळला गेला, एक श्वास आपोआप खोल आला, की पुढच्या कामाला जमीन तयार झाली. त्यानंतर अंगातली एखादी बरी जागा शोधतात. 'शांत' जागा मिळतेच असं नाही. त्यातल्या त्यात कमी त्रासाची चालते: खुर्चीला टेकलेली मांडी, तळहाताची ऊब, कानाची पाळी. पुढे त्रास वाढला की परतायचं ठिकाण हेच.

मग आठवणीच्या कडेला जायचं. बाइकचा अपघात धरू. सुरुवात ट्रकपासून होत नाही. सकाळी निघताना हेल्मेट घातलं इथून, किंवा शेवटी कोणीतरी हात देऊन उठवलं तिथून होते. बोलता बोलता 'ट्रक' हा शब्द येतो आणि उजव्या हाताची बोटं किंचित वळतात. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. थेरपिस्ट तिथे गोष्ट थांबवतो. 'थांबा जरा. उजव्या हातात काय होतंय?' हात आवळतोय. 'त्याला काय करावंसं वाटतंय?' ब्रेक दाबायचाय. मग तो ब्रेक दाबू द्यायचा, पण इतका सावकाश की मूठ आवळायला आणि सुटायला मिळून अर्धा मिनिट लागावा. घाईने दाबला तर जुनाच झटका पुन्हा बसतो आणि काही बदलत नाही. सावकाश दाबला तर मनगटापासून खांद्यापर्यंत बारीक कापरं येतं, हात गरम होतो, कधी लागोपाठ जांभया येतात, पोटात गुरगुरतं. मग लक्ष पुन्हा मांडीवर, तळव्यांवर. पुन्हा कडेला, पुन्हा परत. झोक्यासारखं हे येणंजाणं पंधरा-वीस मिनिटं चालतं. अपघाताचा क्षण त्या दिवशी आलाच नाही तरी चालतं. शेवटची दहा मिनिटं आवरतं घेण्यासाठी राखून ठेवलेली असली पाहिजेत: पुन्हा खोली बघणं, पाणी पिणं, घरी कसं जाणार यावर दोन वाक्यं. घड्याळ संपलं म्हणून रडत्या माणसाला जिना उतरवून पाठवणारा थेरपिस्ट दुसऱ्यांदा गाठू नये. सेशननंतर बऱ्याच जणांना गळून गेल्यासारखं होतं, झोप येते. लगेच दुचाकी चालवायची नाही, आणि त्या संध्याकाळी घरातला जुना वाद उकरून काढायचा नाही.

बिघडतं ते मात्रेत. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर. मात्रा जास्त झाल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: डोळे एका जागी खिळतात, समोरच्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, ओठ किंवा हात बधिर होतात, हे आत्ता चाललंय की तेव्हाचं याचं भान सुटतं. या वेळी 'त्यातच राहा, श्वास घ्या' म्हणणं चूक आहे. गोष्ट तिथेच थांबवून डोळे उघडे ठेवायचे, खोलीतल्या चार-पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, टाचा जमिनीत रोवायच्या, गरज पडली तर उभं राहायचं. सेशननंतर एखादी रात्र झोप उडाली तर चालण्यासारखं आहे. तीन-चार दिवस सलग झोप नाही, वाईट स्वप्नं वाढली, घरच्यांवर विनाकारण ओरडणं वाढलं, तर पुढच्या वेळी पहिलं वाक्य तेच सांगायचं, आणि थेरपिस्टने काम निम्म्यावर आणायला हवं. 'बरं होण्याआधी वाढतंच' हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरी चूक याच्या उलटी, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वीस-वीस सेशन नुसती पाय टेकवणं, बरी जागा शोधणं, छान वाटणं. आठवणीच्या कडेला जाणंच नाही. याला उपचार म्हणता येत नाही, ही महागडी टाळाटाळ आहे. सहा-सात सेशननंतर रोजच्या जगण्यातला एखादा तरी फरक बोट दाखवून सांगता आला पाहिजे: टाळलेल्या रस्त्याने एकदा जाता आलं, बसमध्ये मधल्या सीटवर बसता आलं, दचकल्यावर धडधड अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत बसली.

तिसरी चूक सगळ्यात घातक. अंग थरथरलं, ओटीपोट आवळलं, म्हणून थेरपिस्ट सुचवतो की लहानपणी काहीतरी झालं असणार, शरीराला आठवतंय. थरथर हा कशाचाही पुरावा नाही. स्मृती सूचनेला बळी पडते, आणि सुचवलेली आठवण पुढे खऱ्याइतकीच ठाम वाटू लागते. अशा वाक्याने घरंच्या घरं दुभंगू शकतात. तुम्हाला जे आठवतं त्यावर काम करावं, थेरपिस्टला जे वाटतं त्यावर नाही.

डोळे मिटायला सांगणं, आडवं व्हायला लावणं, मोठमोठे श्वास घ्यायला लावणं, याचीही सक्ती नको. अत्याचारातून गेलेल्या माणसाला डोळे मिटून आडवं पडणं हीच धोक्याची खूण असू शकते. काही थेरपिस्ट स्पर्शाचं काम करतात, म्हणजे कपड्यांवरूनच घोट्याखाली, खांद्यामागे किंवा कमरेच्या मागच्या बाजूला हात ठेवणं. ते करायचंच असं नाही. दर वेळी विचारून, कुठे आणि किती वेळ हे आधी सांगून, आणि 'नको' म्हटल्यावर चेहऱ्यावर नाराजी न आणता व्हायला हवं. एकदा दिलेली परवानगी पुढच्या आठवड्याला लागू होत नाही.

पुरावा किती? २०१७ मध्ये इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, असलेल्या ६३ जणांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला एक अशी १५ सेशन दिली, बाकीच्यांना थांबवून ठेवलं, आणि थेरपी घेतलेल्यांचा त्रास लक्षणीय घटला. पण तुलना काहीच न मिळालेल्या लोकांशी होती, दुसऱ्या चांगल्या थेरपीशी नव्हती. आपल्याकडचा दुवा तामिळनाडूचा: २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या मच्छीमार गावांमध्ये याच पद्धतीवर आधारलेलं एकच ७५ मिनिटांचं सेशन देऊन दीडशे जणांचा आठ महिने मागोवा घेतला गेला. बहुतेकांना आराम पडल्याचं दिसलं, पण तुलनेसाठी गटच नव्हता, आणि आपत्तीनंतर पुष्कळ जण काळाबरोबर सावरतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या शिफारशींत पीटीएसडीसाठी नाव घेतलं ते आघातकेंद्री सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणारी) या दोन थेरपींचं. त्यामुळे एकाच मोठ्या प्रसंगाचा त्रास असेल, बोलता येत असेल आणि जवळ प्रशिक्षित माणूस असेल, तर आधी त्या दोन्हींची चौकशी करावी हे मी ठामपणे सांगेन. सोमॅटिकची जागा आहे ती प्रसंग आठवला की थिजणाऱ्यांसाठी, शब्दच न फुटणाऱ्यांसाठी, आणि बोलून बोलून थकलेल्यांसाठी. बजेट कमी असेल तर आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग हाही पर्याय आहे. अमेरिकेत ६४ स्त्रियांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात दहा आठवडे, आठवड्याला एक तास असा योग केलेल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषाबाहेर आल्या, तर नुसती आरोग्याची माहिती दिलेल्या दुसऱ्या गटात २९ पैकी ६ जणी. हा योग म्हणजे नेहमीचा क्लास नव्हे. शिक्षक हात लावून आसन दुरुस्त करत नाही, 'करा' ऐवजी 'करून बघायचं असेल तर' म्हणतो, आणि शवासन बसून किंवा डोळे उघडे ठेवूनही चालतं.

घरी करायला बहुतेक थेरपिस्ट लांब उच्छ्वास देतात. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे त्यामागचं साधं कारण. चुकतं कुठे? लोक आत घेतलेला श्वास मोठा करतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त सोडायचा सावकाश, तोंडाने फुंकर घातल्यासारखा. बुडण्याचा किंवा गळा आवळला जाण्याचा अनुभव असलेल्यांनी श्वासाच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी भिंत बरी: हातभर अंतरावर उभं राहून दोन्ही तळवे टेकवायचे, दहा सेकंद हळूहळू जोर वाढवत ढकलायचं, वीस सेकंदांत हळूहळू सोडायचं, तीनदा. जोर खांद्यातून नाही, टाचांतून आला पाहिजे. भ्रामरीतला गुंजनाचा आवाज पुष्कळांना मानवतो, त्यातही काम लांबलेला उच्छ्वासच करतो. आणि सराव शांत वेळी करायचा. पहिल्यांदाच ऐन धडधडीत करून पाहिला तर लागू पडत नाही आणि विश्वास उडतो.

भाषेचा मुद्दा या थेरपीत जेवढा भिडतो तेवढा इतर थेरपीत भिडत नसेल. अंगात काय होतंय याचं उत्तर इंग्रजीत शोधायला लागलं की माणूस 'टेन्शन आलंय' किंवा 'लो वाटतंय' एवढ्यावर अडकतो. तो निष्कर्ष झाला, संवेदना नाही. मराठीत विचारलं की तोच माणूस सांगतो: छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं, घशात आवंढा अडकलाय, पायात मुंग्या, पाठीतून शिरशिरी, पोटात खड्डा, डोकं सुन्न, आतून कापरं. ठणका, कळ, उबळ, रखरख, जडपणा, पोकळी, हे सगळे वेगवेगळे आहेत आणि थेरपिस्टला प्रत्येकाचं वेगळं काही करता येतं. म्हणून इंग्रजी कितीही येत असलं तरी मराठी समजणारा थेरपिस्ट मिळत असेल तर तोच घ्यावा. परदेशातल्या मराठी माणसांना ऑनलाइनमुळे हे आता जमतं. ऑनलाइनची अट एवढीच: कॅमेऱ्यात चेहऱ्याबरोबर हात आणि कंबरेपर्यंतचं अंग दिसलं पाहिजे, इअरफोन हवेत, दाराला कडी हवी, आणि मध्येच नेट गेलं तर कोण कोणाला फोन करणार हे पहिल्याच मिनिटात ठरलेलं हवं. पातळ भिंतींच्या घरात पलीकडे सासू-सासरे बसलेले असताना हे काम होत नाही. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा प्रवास करून जाणं बरं.

कोणी घेऊ नये? सध्या ज्यांना भास होतात, जीव द्यायचे विचार जोरात आहेत, किंवा दारू सोडताना हातपाय कापतायत, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. चालू गोळ्या थेरपिस्टच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर मुद्दाम थरथर आणणारे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि घरात मारहाण अजून चालू असेल तर त्या बाईची मज्जासंस्था बिघडलेली नाही, ती बरोबर काम करतेय. तिला आधी सुरक्षित जागा हवी. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठी आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलि-मानस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

फोन करताना पहिला प्रश्न पात्रतेचा. सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचं प्रशिक्षण तीन वर्षांचं, आठ टप्प्यांचं असतं, आणि शेवटी एसईपी (सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग प्रॅक्टिशनर) हे प्रमाणपत्र मिळतं. पण ते मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांनाही, उदाहरणार्थ मसाज करणाऱ्यांना किंवा योगशिक्षकांना, मिळू शकतं. तो उपचार करण्याचा परवाना नव्हे. म्हणून मूळ शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक काय, आणि प्रशिक्षणाचा कितवा टप्पा झालाय, हे सरळ विचारावं. वीकेंडचा कोर्स करून 'सोमॅटिक हीलर' झालेले पुष्कळ आहेत. दुसरा प्रश्न: सेशनमध्ये मी सुन्न झाले तर तुम्ही काय कराल? याचं नेमकं, पावलापावलाचं उत्तर यायला हवं. तिसरा पैशांचा: किती सेशननंतर आढावा घ्याल, रद्द केलं तर फी किती, पंधरवड्याला एक चालेल का. पंधरवड्याला एक चालतं, मधल्या दिवसांत घरचा सराव नियमित असेल तर. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला लावणाऱ्याला, 'तीन सेशनमध्ये ट्रॉमा रिलीज' म्हणणाऱ्याला, किंवा या तीनपैकी एकाही प्रश्नावर चिडणाऱ्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवावा आणि यादीतला पुढचा नंबर लावावा.